पाटे, वही आणि तात्यांचा पाय

(तृतीय वर्ष कला)

'सस्पेन्शन' या इंग्रजी शब्दाला आपल्या महाविद्यालयात एकच अर्थ आहे. तो सूचनाफलकावर कधीमधी झळकतो, आणि ज्याच्या नावापुढे झळकतो त्याचे वडील दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले दिसतात. शासकीय मराठीत त्याला 'निलंबन' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मी शिकलो तो कोणत्याही वर्गात नव्हे, तर कोकणातल्या आमच्या घरामागच्या मांगरात. गोणपाटावर उताणा पडून, जुन्या जीपच्या पोटाकडे पाहत. गाडीचे चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये जी लवचीक जोडणी असते, म्हणजे पाटे, शॉकअप, बुश, शॅकल असा जो सगळा संसार असतो, त्याला सस्पेन्शन म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही. गॅरेजमधली मंडळी आपली 'पाट्याचं काम' म्हणून मोकळी होतात.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय पाहून काही मित्र पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती, की थोडे थांबावे. गाडी कशी बांधावी हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. तो अधिकार माझा नाही. हाताने केलेल्या कामात लिहिणाऱ्या माणसाची जागा कोणती, एवढाच माझा प्रश्न आहे. या प्रश्नाची किंमत एका माणसाच्या पायाने मोजली गेली, म्हणून तो इथे मांडावासा वाटतो.

आमची हापूसची कलमे घराच्या वरच्या उतारावर आहेत. घरापासून बागेच्या माथ्यापर्यंतची वाट सगळी आमच्याच गडग्याच्या आत आहे. वाट कसली, कातळावरचा चढ तो! जांभ्याचे धोंडे, पावसाने कोरलेले चर आणि मध्ये दोन ठिकाणी अशी वळणे, की बैलगाडीसुद्धा तिथे विचार करून चढायची. आंबा उतरवायचे काम आता सुधारले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आल्यापासून फळ देठासकट खाली येते, जमिनीवर आपटत नाही. पण झेल्याने इतक्या मायेने उतरवलेला आंबा पुढे घरापर्यंत जाताना धक्के खात खात जातो. त्या धक्क्याची खूण त्या दिवशी दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी अढी उघडली, की फळावर काळसर मऊ डाग दिसतो आणि काकांच्या कपाळावर आठी. डागी आंबा पेटीत जात नाही. तो रसाला जातो, नाहीतर घरच्यांच्या पोटात.

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, आय.टी.आय. झालेला फिटर आहे. काही वर्षे शहरातल्या गॅरेजात काढून तो गावी परतला. शेजारच्या वाडीत माडाखाली दहा वर्षे उभी असलेली एक जीप त्याने घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली. बागेतली फळे घरापर्यंत सुखरूप आणील अशी गाडी घरच्या मांगरात तयार करायची, हा त्याचा संकल्प. सुट्टीत हाताखाली काम करायला मी होतोच. मांगरातली गुरे आधीच कमी झाली होती. उरलेल्या दोन गाई एका अंगाला सरकवल्या आणि दुसऱ्या अंगाला वेल्डिंगचे यंत्र आले.

आता पाटा काय करतो ते दोन वाक्यांत सांगतो. चाक धोंड्यावर चढते तेव्हा तो धक्का पाटा वाकून आपल्यात साठवून घेतो आणि मग परत देतो. परत देताना गाडी झुलत राहू नये, म्हणून तो झोका जिरवण्याचे काम शॉकअप करतो. पाटा फार कडक असेल तर धक्का साठतच नाही, सरळ वर जातो. फार मऊ असेल तर गाडी बसते आणि आपटते. सारी विद्या या दोहोंच्या मध्ये आहे.

दादाने पहिल्या वेळी जे केले ते त्याने इतरांकडून पाहिलेले होते. जुन्या जीपला पाटे हौसिंगच्या खालून बांधलेले असतात. ते सोडून हौसिंगच्या वर घेतले, की हौसिंगची जाडी अधिक पाट्यांच्या जुडग्याची जाडी एवढी गाडी उचलली जाते. आमची साडेपाच इंच उचलली गेली. शिवाय वर पेट्यांचे ओझे येणार म्हणून त्याने मागच्या पाट्यांत एकेक जादा पान घातले. चार दिवसांत काम झाले. गाडी अशी ऐटीत उभी राहिली, की वाडीतली पोरे शाळेतून येताना वाकडी वाट करून ती पाहून जात. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी मोबाइलवर तिचे चित्र घेतले आणि म्हणाले, "याला म्हणतात जुगाड! आपल्या लोकांच्या डोक्याला तोड नाही." मीही त्या स्तुतीत माझा वाटा मनातल्या मनात घेतला. दादाला पाने धरून देणारा मीच होतो ना!

पहिल्या आठवड्यातच आंब्यांनी आपले मत दिले. पेटीमागे पाच-सहा फळे डागी निघू लागली. डोक्यावरून आणत होतो तेव्हा इतकी निघत नव्हती. गाडी उंच झाली होती, मऊ झाली नव्हती. उलट जादा पानामुळे आणखीच कडक झाली होती. वर उचलल्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला आणि त्याचा क्रॉस कुरकुरू लागला. खाचखळग्यात स्टिअरिंग हातातून ओढ घेई. दादा म्हणे, "बसेल हळूहळू." आपल्याकडे यंत्राला आणि सुनेला एकच सल्ला मिळतो, रुळेल हळूहळू!

एक गोष्ट मात्र आम्हां दोघांच्याही डोक्यात आली नाही. गाडीचे अंग साडेपाच इंच वर गेले, पण अंगावरून मागच्या हौसिंगवर उतरणारी ब्रेकची रबरी नळी होती तेवढीच राहिली. सपाट जागी ती पुरत होती. दादाने ती पाहिली होती आणि "पुरेशी आहे" असे म्हटले होते. मीही पाहिली होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बारा पेट्या भरून आम्ही खाली उतरत होतो. दादा चालवत होता, मी शेजारी, आणि मागे पेट्यांना धरून आमचे तात्या. तात्या म्हणजे आमच्या बागेचे राखणदार. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आमच्याकडे आहेत. दुसऱ्या वळणावर मागचे डावे चाक चरात गेले. उजवे धोंड्यावर होते, त्यामुळे डावे पुरे खाली लोंबकळले आणि नळी ताणून तुटली. जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते. एके ठिकाणी तुटली, की सगळेच संपते. दादाचा पाय पेडलसकट फळीला टेकला. हँडब्रेक महिनाभर निकामीच होता, 'सावकाश बघू' म्हणून ठेवलेला. गाडी पंधरा-वीस हात घरंगळली आणि दादाने ती गडग्यात घातली. घातली म्हणूनच वाचलो. पुढे विहीर होती. मला खरचटलेसुद्धा नाही. दादाच्या कपाळाला टेंगूळ आले. तात्यांनी उडी टाकली होती. त्यांचा पाय घोट्याच्या वर मोडला.

प्रयोग दादाचा होता, हौस माझी होती, आंबे काकांचे होते, आणि पाय तात्यांचा होता.

सहा आठवडे प्लॅस्टर होते. औषधपाणी आणि मजुरी काकांनी दिली, ती द्यायलाच हवी होती. तात्या रागावले नाहीत, हेच अवघड गेले. आम्ही दोघे त्यांच्या ओटीवर मान खाली घालून बसलो होतो. तेव्हा ते एवढेच म्हणाले, "नळीचं तुम्ही मला आधी बोलला असतात, तर मी चालत आलो असतो."

त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. धोका दादाने पत्करला होता, मीही कळत-नकळत पत्करला होता. तात्यांना मात्र तो पत्करायचा आहे का, असे कोणी विचारलेच नव्हते. विचारणार तरी कसे? विचारायचे म्हणजे आधी स्वतःला ठाऊक हवे, आणि ठाऊक होण्यासाठी मोजायला हवे. आम्ही काहीच मोजले नव्हते. आमच्याजवळ एक शब्द होता, 'पुरेशी'.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जीप मांगरात बंद पडून राहिली. दादा तिकडे फिरकत नव्हता. एके संध्याकाळी मी दोनशे पानी वही घेऊन त्याच्यापुढे बसलो आणि म्हटले, "तू सांग, मी लिहितो. काय केलं ते पहिल्यापासून." त्याला आधी ते पोरकट वाटले. पण लिहायला लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. तो बोलत होता ते बोलताना बरोबर वाटत होते आणि कागदावर उतरल्यावर मात्र उघडे पडत होते.

"यू-बोल्ट बेताने आवळले."

"बेताने म्हणजे किती?"

"अरे, हाताला कळतं."

"कुणाच्या? तुझ्या की माझ्या?"

तो चिडला, उठून गेला आणि थोड्या वेळाने ताणकाटा घेऊन परत आला. दोन फुटी दांड्याच्या टोकाला काटा अडकवून त्याने एक बोल्ट आवळला. काटा बारा किलोवर थांबला. मी वहीत लिहिले, 'दोन फुटांवर १२ किलो.' त्याच मापाने बाकीचे बोल्ट तपासले तर दोन सैल निघाले. त्या दिवसापासून 'बेताने', 'अंदाजे', 'पुरेसे', 'साधारण' हे शब्द आमच्या मांगरातून हद्दपार झाले. तीन वर्षे मी वर्गात शब्दांच्या अर्थच्छटा शिकत आलो. एका विशेषणामुळे माणसाचा पाय मोडू शकतो, हे मात्र तिथे कोणी सांगितले नव्हते.

मग मोजणी सुरू झाली. आमच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण पन्नास किलोची वाळूची चार पोती होती. ती मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली आणि गाडी किती दबते ते पट्टीने मोजले. दोनशे किलोंना फक्त १६ मिलिमीटर! म्हणजे एकेका पाट्याला एक सेंटिमीटर दबण्यासाठी बासष्ट किलो लागत होते. गाडीचे स्वतःचे ओझे मागच्या एका पाट्यावर ३०० किलोंच्या घरात. त्या ओझ्याने असा पाटा पाच सेंटिमीटरही दबत नाही, आणि जो पाटा आपल्या ओझ्याने इतका कमी दबतो तो सेकंदाला सव्वादोन झोके देतो. माणसाला आणि आंब्याला मानवतो तो सेकंदाला एक ते दीड झोका. हे गणित पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात आहे. आमच्या वहीत ते आल्यावर दादा शांतपणे म्हणाला, "म्हणजे डाग आंब्याच्या नशिबात नव्हते, पाट्यात होते."

याच रीतीने मोठी माणसेही शिकली आहेत, हे मला पुढे वाचनालयात कळले. मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मोटारीवर पुढेमागे हलवता येणारी वजने लावली आणि वजनांची जागा बदलून माणसांना त्या गाडीत बसवले. मागच्यापेक्षा पुढचे पाटे मऊ ठेवले तर गाडी डुलत नाही, सपाट चालते, हे त्यातून पक्के झाले. त्याची वजने आणि आमची वाळूची पोती यांत फरक आहे, हे मी जाणतो. पण दोन्हींच्या शेजारी एक वही होती, ही जात एकच.

दुसऱ्या बांधणीत दादाने पाटे पुन्हा हौसिंगखाली नेले. साडेपाच इंचांचा ताठा गेला. कमान थोडी वाढवून दोन इंच उंची मिळाली, तेवढ्यावर त्याने समाधान मानले. पाट्याचा स्वभाव दोन मापांवर ठरतो. लांबी दुप्पट केली तर कडकपणा आठवा हिस्सा होतो आणि पानाची जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून ओझ्यासाठी एक जाड पान घालण्यापेक्षा लांब आणि पातळ पाने घेणे शहाणपणाचे. ४२ इंचांऐवजी ४८ इंचांचे पाटे, आणि ७ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरची पाने. ती घाटावरच्या एका पाटेवाल्याने कमान देऊन, भट्टीत तापवून, तेलात पाणी देऊन करून दिली. त्या म्हाताऱ्याने दोन गोष्टी बजावल्या. पाट्यावर कधी वेल्डिंग करायचे नाही, कारण दिलेले पाणी उतरते आणि तो तिथेच तुटतो. दुसरी, पाटा सरळ होताना लांबतो, त्याला शॅकलमध्ये मागे सरकायला जागा ठेवायची. मी दोन्ही वहीत लिहिल्या. तो हसून म्हणाला, "चाळीस वर्षं हे काम करतोय, लिहून घेणारा पहिलाच आलास."

पाटे लांबले म्हणून चासीवरच्या बैठका सरकवाव्या लागल्या. त्यांच्यामागे आधाराच्या पट्ट्या बसवल्या. त्यानंतर एक चाक जॅकवर चढवून दुसरे पुरे लोंबकळू दिले आणि नळीच्या दोन टोकांतले अंतर मोजले: साडेचौदा इंच. नळी घेतली साडेसोळा इंचांची, आणि चाक पुरे वर गेल्यावर ती कशाला घासत नाही हेही पाहिले. हँडब्रेक सर्वांत आधी दुरुस्त केला. वाळूची तीच पोती ठेवली तेव्हा गाडी ४० मिलिमीटर दबली. म्हणजे एका सेंटिमीटरला पंचवीस किलो, सेकंदाला सुमारे दीड झोका. पाटा मऊ झाला म्हणजे भाराची मर्यादाही खाली आली. म्हणून वहीत लिहिले, 'एका खेपेला बारा पेट्या, त्याहून एकही जास्त नाही.' त्याखाली तांबड्या शाईने: 'मागे माणूस बसणार नाही.'

आणखी एक कबुली. वाटेतले दोन सर्वांत वाईट धोंडे दादाने आणि मी पहारेने उपटून काढले. त्याला एक दुपार लागली. ते पहिल्याच दिवशी केले असते तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. पण धोंडा उपटणाऱ्याचे चित्र कोणी मोबाइलवर घेत नाही.

गेल्या हंगामात पेटीमागे डागी आंबा एखादा निघाला.

आता मला जे म्हणायचे आहे ते. 'जुगाड' हा शब्द अलीकडे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने मिरवला जातो. भाषणांत, व्यवस्थापनाच्या पुस्तकांत, घरगुती गप्पांत तो आपल्या बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. माझा त्याला विरोध आहे. अडचणीच्या वेळी मिळेल त्या वस्तूने वेळ भागवणे यात वाईट काही नाही. गरिबाला दुसरा मार्ग नसतो. पण वेळ भागवणे आणि काम पुरे करणे यांतला भेद पुसून टाकून पहिल्यालाच दुसऱ्याचे नाव देणे ही फसवणूक आहे, आणि तिचा भुर्दंड बहुधा टाळ्या वाजवणाऱ्याला बसत नाही. तो मागे पेट्या धरून बसलेल्याला बसतो. आमची पहिली जीप जुगाड होती, दुसरी कारागिरी आहे. दोन्ही त्याच मांगरात, त्याच हातांनी, जवळपास तेवढ्याच पैशांत झाल्या. फरक पडला तो मोजण्याने, लिहिण्याने आणि दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाने.

यावर कोणी म्हणेल, की घरी असले उद्योग करूच नयेत. कारखान्यात इंजिनिअर बसले आहेत ते कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि सार्वजनिक रस्त्यापुरते मला ते पूर्ण मान्य आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायला बंदी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ बनावटीशी न जुळणारा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. रस्ता सर्वांचा आहे. समोरून येणाऱ्या माणसाने माझा प्रयोग मान्य केलेला नसतो. तोही एका अर्थाने तात्याच. म्हणून आमची जीप गडग्याबाहेर जात नाही आणि जाणार नाही.

पण कायद्याकडे माझे एक गाऱ्हाणेही आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी-दुकटी गाडीसुद्धा शासकीय तपासणीला नेता येते. तिथे तिचे ब्रेक, स्टिअरिंग, बांधणी असे सगळे तपासतात. उतरली तर रस्त्यावर येते, नाही तर दोष दुरुस्त करून पुन्हा यायचे. आपल्याकडे एकट्या कारागिराने आपले काम घेऊन जावे आणि कोणीतरी ते निष्ठुरपणे तपासून द्यावे, असा सोपा दरवाजा गावच्या माणसाला दिसत नाही. मग मोजणारा आणि न मोजणारा दोघेही एकाच रांगेत उभे राहतात, आणि दोघेही चोरून काम करतात. चोरून केलेले काम कोणी तपासत नाही. परीक्षा नसेल तर अभ्यास कोण करील, हे आपणा विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको!

राहिला प्रश्न आपला, म्हणजे कला शाखेचा. आमच्यात आणि त्यांच्यात एक भिंत आहे, असे आपण धरून चालतो. हाताने काम करणारे तिकडे, पुस्तके वाचणारे इकडे. ही भिंत आपल्या पूर्वसूरींनी इतकी उंच मानली नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवत. त्याच हाताने पुढे लोखंडी नांगर घडवले. त्यांच्याच कारखान्याच्या अंगणात १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' जन्मले आणि त्यातून मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहून गावातल्या बलुत्यांचे व्यवहार कागदावर आणले. लोहार, सुतार, चांभार हे लिहिण्याजोगे विषय आहेत, हे त्यांना पटले होते. आपण मात्र या अंकासाठी पावसावर पाच कविता पाठवतो (त्यांतली एक माझी आहे) आणि चाळीस वर्षे भट्टीपुढे उभा असलेला पाटेवाला आपल्या नजरेतही येत नाही. त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाईल. त्याला लिहिता येत नाही म्हणून नव्हे. ज्याला येते त्याने विचारले नाही म्हणून.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने मराठी विभागापुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत आपल्या घरातल्या किंवा वाडीतल्या एका कारागिराशेजारी बसावे आणि त्याचे एक काम अथपासून इतिपर्यंत लिहून आणावे. होडीची फळी कशी वाकवतात, चिऱ्याची खाण कशी फोडतात, माडाला खांद कशी पाडतात, काहीही. अट एकच: 'पुरेसे' आणि 'अंदाजे' हे शब्द चालणार नाहीत. तिथे थांबून विचारायचे, "म्हणजे किती?" अशा पन्नास वह्या जमल्या तरी आपल्या ग्रंथालयात एक असे कपाट होईल, जे दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात विकत मिळणार नाही. आणि विचारता विचारता एखादी तोकडी नळी वेळेवर ध्यानात आली, तर एखादा पायही वाचेल.

तात्या आता चालतात. पावसाळ्यात घोटा दुखतो असे म्हणतात. एप्रिलमध्ये पहिली खेप खाली आणायच्या आधी मी त्यांना वही वाचून दाखवली. बारा पेट्यांचे पान, नळीचे पान, आणि मागे माणूस बसणार नाही हे तांबड्या शाईचे पान. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग काठी टेकत गाडीपाशी गेले, वाकून नळी बघितली, बोटाने ओढून पाहिली आणि विचारले, "पुढं बसलं तर चालंल काय?"

"चालेल," दादा म्हणाला.

"मग ते पण लिव," तात्या मला म्हणाले. मी लिहिले.